धोंडिराम केणींच्या नावाचा केसपेपर

मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या देवदत्त पेडणेकर ह्या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला लघवीला जळजळ होते आहे, ही बातमी मंगळवारी सकाळी सात वाजता एकट्या त्याला ठाऊक होती. पावणेआठला ती त्याच्या आईला कळली. सव्वानऊला तो ऑफिसला निघाला, तेव्हा तळमजल्यावरच्या वनमालाकाकू तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

"धने-जिऱ्याचं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "उभ्यानं पिऊ नकोस. बस."

आईला त्यानं आपणहून सांगितलं नव्हतं. जानकीबाईंना सांगावं लागत नसे. बहात्तराव्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले असले तरी कान शाबूत होते, आणि सकाळपासून बाथरूमची कडी पाच वेळा वाजली हे त्यांनी पोळ्या लाटता लाटता मोजलं होतं. पाचव्या वेळी आतून 'स्स' असा आवाज आला.

"काय होता रे तुका?"

"काही नाही गं. जरा जळजळतंय."

"उन्हाळी," जानकीबाई म्हणाल्या आणि निर्धास्त होऊन त्यांनी पुढची पोळी पोळपाटावर घेतली.

आपल्या लोकांत कमरेच्या वर शेकड्यानं आजार आहेत. त्यांना लांबलचक नावं आहेत, तज्ज्ञ आहेत, पाहुणे आल्यावर चवीनं सांगण्याजोगे तपशील आहेत. कमरेच्या खाली आजार एकच, आणि त्याचं नाव उष्णता. ती चहानं होते, वडापावानं होते, तापल्या फरशीवर बसल्यानं होते. बिनलग्नाच्या मुलाला ती आणखी कशानं होऊ शकेल हा विचार जानकीबाईंच्या मनात आला नाही. आला असता तरी त्यांनी तो ओट्याखालच्या डब्यांच्या मागे सरकवून दिला असता.

देवदत्तच्या डोक्यात मात्र दुसरा विचारच नव्हता. पाच दिवसांपूर्वी, गुरुवारी, त्याच्या ऑफिसला आणि घाटकोपरच्या एका शाळेला एकाच वेळी सुट्टी आली होती. त्या शाळेत संघमित्रा वाहुळे गणित शिकवायची. वय एकेचाळीस, घटस्फोट होऊन सहा वर्षं झालेली, फळ्यावर आणि फळ्याबाहेरही सरळ रेषेत बोलणारी बाई. दोघांची ओळख सात महिन्यांची. त्यातले चार महिने जानकीबाईंनी 'बघू' म्हणण्यात घालवले होते, आणि आता कुठे येत्या रविवारी त्या आपल्या भावाला, धाकूमामाला, घेऊन संघमित्राच्या घरी बोलणी करायला जाणार होत्या.

तर त्या गुरुवारी संघमित्राची आई बहिणीकडे गेली होती आणि घरात कंडोम नव्हता. औषधांचं दुकान बिल्डिंगच्या खालीच होतं, पण दुकानदार शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष होता. दुसरं दुकान चौकापलीकडे होतं. ऊन होतं. चौक कुणी ओलांडायचा ह्यावर दोघं थोडा वेळ बोलले, आणि मग बोलायचे थांबले.

बुधवारी जळजळीच्या जोडीला पिवळसर स्राव दिसू लागला. हे काही वडापावानं होत नाही, एवढं देवदत्तला कळत होतं. तो एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायचा. सतरा वर्षं लोकांचे आजार वाचून, कुणी काय लपवलं हे हुडकून, फाइलवर 'माहिती दडवली' असा शेरा मारण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. सवयीनं त्यानं मनातल्या मनात संघमित्राची फाइल उघडली. घटस्फोटानंतर एक सहकारी होता, दोन वर्षं, असं तिनंच एकदा सांगितलं होतं. देवदत्तनं ते तेव्हा मोठ्या मनानं ऐकून घेतलं होतं. आता ते त्याला लाल शाईत दिसू लागलं. स्वतःची फाइल उघडायची वेळ आली, तेव्हा जेवणाची सुट्टी झाली.

संध्याकाळी तो निश्चय करून डॉक्टर सामंतांकडे गेला. हे पेडणेकरांचे पंचवीस वर्षांचे घरचे डॉक्टर. त्यांच्याकडची पद्धत अशी, की पेशंट बाकावर बसला की कंपाउंडर काउंटरमागून तक्रार विचारायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायचा. बाकावर त्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी धोंडिराम केणी गुडघ्यासाठी येऊन बसले होते. वय अडुसष्ट. गच्चीवर कपडे वाळत घालण्यापासून जिन्यात मोबाइलवर बोलण्यापर्यंत सर्व विषयांवर त्यांच्या सहीच्या नोटिसा बोर्डावर असायच्या.

"काय होतंय?" कंपाउंडरनं विचारलं.

देवदत्तनं केणींकडे पाहिलं. केणींनी देवदत्तकडे पाहिलं.

"घसा," देवदत्त म्हणाला.

"घसाऽऽ," कंपाउंडरनं लिहिलं.

"बाहेरचं खाणं," केणी म्हणाले. "संयम नाही कुणाला. पेडणेकर, लिहून ठेवा, अर्धे आजार असंयमाचे असतात."

देवदत्तनं मान डोलावली. त्या घटकेला ह्या विधानाशी त्याच्याइतकं सहमत मुलुंडमध्ये कुणी नसेल. आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगायचं त्याच्या मनात होतं, पण चिठ्ठीवर 'घसा' होतं, डॉक्टरांनी टॉर्च पेटवली होती आणि "आ कर" म्हटलं होतं. आ केलेल्या माणसाला बाकीचं सांगता येत नाही. घसा थोडा लाल आहे असं निघालं. गुळण्या आणि चघळायच्या गोळ्या घेऊन तो घरी आला.

आता जानकीबाईंपुढे पेच पडला. घशाला गरम हवं, उन्हाळीला थंड. सुंठ द्यावी तर खाली भडका, सब्जा द्यावा तर वर कफ. वनमालाकाकूंना वर बोलावण्यात आलं. दोघींनी गंभीरपणे विचार करून असं ठरवलं, की दर दोन तासांनी आलटून पालटून दोन्ही द्यायचं, आणि झोपताना बेंबीत एरंडेल. गुरुवारभर देवदत्त काढा, सब्जा, काढा, बार्ली असं पीत राहिला. ह्या उपचाराचा एकच परिणाम झाला. जे काम करताना जीव नकोसा होत होता, तेच काम त्याला दर वीस मिनिटांनी करावं लागलं.

गुरुवारी दुपारी संघमित्राचा मेसेज आला. *रविवारी मामांना साखर चालते ना?* बाथरूमच्या दारात उभ्या उभ्या त्यानं तो तीनदा वाचला. तिला काही होत असेल का? होत नसेल, तर पुढे होईल का? आणि रविवारी पेढे वाटून झाल्यावर तिला कळलं तर? त्यानं उत्तर लिहिलं, *चालते*.

शुक्रवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि दोन बसगाड्या बदलून, ओळखीचं काळं कुत्रं भेटणार नाही अशा हिशेबानं, पार पश्चिमेकडच्या एका पालिका रुग्णालयात गेला. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग होती. रांगेत त्यानं बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं, फक्त पहिल्याच प्रश्नाचा त्यानं विचार केला नव्हता.

"नाव?"

खरं नाव सांगायचं नाही एवढंच त्याला ठरवता आलं. दुसरं नाव कुठून आणायचं? चार वर्षं रोज लिफ्टची वाट बघताना ज्या नावाकडे पाहिलं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"धोंडिराम केणी."

"वय?"

"बेचाळीस."

खिडकीतल्या बाईंनी मान वर केली. "जुन्यातलं ठेवलंय नाव."

"आजोबांचं," देवदत्त म्हणाला. ज्या गृहस्थांना कधी आजोबा म्हणून पाहिलं नव्हतं त्यांना त्यानं अशा रीतीनं घराण्यात घेतलं.

'त्वचा व गुप्तरोग' विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. बाकावर सगळे पुरुष एकमेकांकडे न बघता भिंतीवरचा क्षयरोगाचा तक्ता मन लावून वाचत बसले होते. इतका वाचला गेलेला तक्ता त्या इमारतीत दुसरा नसेल. अर्ध्या तासानं दारातून हाक आली, "धोंडिराम केणी!" कुणी उठलं नाही. पुन्हा हाक आली. देवदत्तनंही इतरांबरोबर इकडे तिकडे पाहिलं, की कोण हा बिचारा. तिसऱ्या हाकेनंतर सिस्टरनं कागद गठ्ठ्याच्या तळाशी घातला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो धावत गेला.

"काका, स्वतःचं नाव ऐकू येत नाही?" सिस्टर म्हणाली. "आता शेवटी या."

शेवटी म्हणजे पाऊण तासानं. त्या पाऊण तासात तो दोनदा बाथरूमला जाऊन आला आणि दोन्ही वेळा परतताना स्वतःशी पुटपुटला, धोंडिराम, धोंडिराम.

डॉक्टरीणबाई तिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी तपासलं, दोन प्रश्न विचारले आणि तोंडावरची रेषही हलू न देता लिहायला घेतलं. आपली लाज इतकी किरकोळ ठरावी, ह्याचंही देवदत्तला थोडं वाईट वाटलं. गोळ्या तिथंच, समोर, पाण्याबरोबर घ्यायला लावल्या. रक्त घेतलं. मग शेजारच्या खोलीत समुपदेशकाकडे पाठवलं. दारावर 'भीमराज' एवढंच नाव दिसत होतं, आडनावावर कुणीतरी लसीकरणाचं पोस्टर चिकटवलं होतं.

"बसा, केणीसाहेब," भीमराज म्हणाले. "गेल्या वर्षभरात किती जणींशी संबंध आला?"

"एक."

"नक्की?"

"म्हणजे... एक. ती घटस्फोटित आहे," देवदत्त म्हणाला, आणि हे आपण का सांगितलं ते त्याला लगेच कळलं. भीमराजांनाही कळलं असावं, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी त्यांचं विचारलं नाही. तुमचं विचारलं."

बाहेर कुणाची तरी हाक झाली. देवदत्त टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिला. दहा महिन्यांपूर्वी नाशिकला ऑफिसचं चार दिवसांचं प्रशिक्षण होतं. नागपूर शाखेची एक बाई होती. शेवटची संध्याकाळ होती. तेव्हा संघमित्रा त्याला भेटलीही नव्हती, त्यामुळे त्यात फसवणूक नव्हती. पण ती गोष्ट त्यानं कुठे धरलीच नव्हती. मुंबईबाहेर घडलेलं आपल्या खात्यावर पडत नाही अशी त्याची काहीशी समजूत असावी.

"दोन," तो म्हणाला.

"असं. आता ऐका. ह्यातले काही जंतू महिनोन्महिने गप्प बसतात. कुणी कुणाला दिलं ते आम्ही इथं ठरवत नाही, ठरतही नाही. दोघांनी औषध घ्यायचं, आठवडाभर लांब राहायचं, मग कंडोम." त्यांनी ड्रॉवरमधून एक कार्ड काढून केसपेपरवरचा मजकूर त्यावर उतरवला. "हे त्यांना द्या. त्यांना काही जाणवत नसेल. बायकांना बरेचदा जाणवत नाही, आणि आतल्या आत वाढत जातं, गर्भाशयापर्यंत. कार्ड दाखवलं की त्यांना कुठल्याही आमच्या केंद्रात जास्त सांगावं लागणार नाही."

देवदत्तनं कार्ड पाहिलं. रुग्णाचं नाव, धोंडिराम केणी.

"हे नाव... बदलता येईल?"

"येईल की. नवा केसपेपर, नवी रांग. खिडकी मात्र बंद झाली, आता उद्या." भीमराजांनी चष्मा पुसला. "नाव कुठलंही चालतं हो इथं. सकाळपासून तीन जणांनी आपल्या साहेबांची नावं दिली असतील. औषध खरं आहे, तेवढं पुरे. पण स्वतः बरं होऊन गप्प बसू नका. तसं करणारे फार." त्यानंतरही ते तीन महिन्यांचं काहीतरी सांगत होते, पण देवदत्तचं लक्ष कार्डावरून हललं नाही.

साडेपाचला तो घाटकोपरला, शाळेजवळच्या बागेत, बाकावर बसला होता. संघमित्रा आली ती खांद्यावर वह्यांची पिशवी घेऊन.

"रजा टाकून भेटायला? काय रे, रविवारचं टेन्शन आलं?" ती बसत म्हणाली. "आईनं पडदे धुवायला काढलेत. तुझ्या मामांसाठी."

घोकलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. त्यानं कार्डच पुढे केलं. तिनं ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

"हा धोंडिराम केणी कोण?"

"आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी."

"मग त्यांचं कार्ड मला का देतोयस?"

"तो मी आहे."

तिनं पुन्हा वाचलं. ह्या वेळी सावकाश. बागेत चालणाऱ्यांचा एक घोळका त्यांच्यासमोरून गेला, वळसा घालून परत आला.

"कधीपासून?"

"मंगळवार."

"आज शुक्रवार. म्हणजे चार दिवस तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. चार दिवस काय करत होतास?"

"धने-जिऱ्याचं पाणी पीत होतो."

तिच्या ओठांचं टोक हललं, पण ते हसण्यापर्यंत गेलं नाही. "काल मी तुला साखरेचं विचारलं. तू 'चालते' लिहिलंस."

"हो."

"एक विचारते, खरं सांग. जळजळ झाली तेव्हा पहिल्यांदा काय आलं तुझ्या मनात? माझ्याकडून आलं, असं?"

खोटं बोलायला जागा होती. 'छे गं' म्हटलं असतं तर तिनं कदाचित ऐकूनही घेतलं असतं. पण सकाळपासून तो इतका दुसराच कुणी होऊन हिंडला होता, की आणखी एक खोटं पेलण्याचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "तुझा तो सहकारी आठवला. मग तिथं मला माझं विचारलं. दहा महिन्यांपूर्वी एक होती. नाशिकला. तू भेटायच्या आधी. मी ते धरलंच नव्हतं."

"का? नाशिक होतं म्हणून?"

संघमित्रानं कार्ड वह्यांच्या मधे नीट ठेवलं आणि उठली.

"उद्या शनिवार आहे. मी जाते. एकटी जाते. आणि रविवारचं, मला फोन करू नकोस. मी करीन."

शनिवारी जळजळ थांबली. जानकीबाईंनी श्रेय एरंडेलाला दिलं, वनमालाकाकूंनी धने-जिऱ्याला. जिन्यात केणी भेटले आणि "संयम, संयम" म्हणून खांद्यावर थाप मारून गेले. इतका बरा झालेला आणि इतका घाबरलेला माणूस त्या बिल्डिंगनं पाहिला नव्हता. फोन वाजला दोनदा. एकदा गॅसवाला होता, एकदा दिंडोशीहून धाकूमामा, नारळ एक आणायचा की पाच हे विचारायला.

रविवारी दहाला मामा पाच नारळ घेऊन हजर झाला. जानकीबाई ठेवणीतली जांभळी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. देवदत्तचा फोन टेबलावर पालथा पडला होता.

"चल मरे," मामा म्हणाला. "कसली वाट बघतंस?"

'आई, आज नको' हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. चार महिन्यांच्या 'बघू'नंतर नेसलेली ती साडी त्यानं पाहिली आणि ते पुन्हा गिळले. दहा चाळीसला फोन थरथरला. संघमित्राचं एकच अक्षर. *या*.

घाटकोपरच्या घरात पडदे धुतलेले होते. संघमित्राच्या आई, द्रौपदीबाई, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी जानकीबाईंना पंख्याखाली बसवलं. संघमित्रानं चहा दिला. देवदत्तचा कप तिनं त्याच्या हातात न देता टीपॉयवर ठेवला. पंधरा मिनिटं गुडघे, पाणीकपात आणि मामाची एस.टी.तली नोकरी झाल्यावर मामा मुद्द्यावर आला.

"तर मग पुढच्या म्हयन्यात उडवून टाकूया. पोरां काय ल्हान नाय."

"तीन महिन्यांनी," संघमित्रा म्हणाली. "त्याच्या आत नाही."

द्रौपदीबाईंनी लेकीकडे पाहिलं. "का गं? शाळेचं काही आहे?"

"एक काम आहे. त्यालाही आहे."

"तुका कसला काम?" जानकीबाईंनी विचारलं. आता सगळे देवदत्तकडे बघत होते. संघमित्रा सोडून, ती ट्रेमधल्या बशा एकावर एक रचत होती. भीमराज शेवटी तीन महिन्यांचं काय सांगत होते ते त्याला आत्ता, ह्या खुर्चीत, कळलं. ऑडिट, बदली, परीक्षा, कारणं त्याच्याकडे ढिगानं होती. सतरा वर्षं त्यानं तीच वाचली होती.

"रक्त तपासायचंय," तो म्हणाला. "दोघांचं. माझं एकदा झालंय, तीन महिन्यांनी पुन्हा करायचं असतं. मला इन्फेक्शन झालं होतं, आई. ती उन्हाळी नव्हती."

जानकीबाईंनी पर्सची चेन उघडली, आत काहीच घ्यायचं नसल्यामुळे पुन्हा लावली. घसा आणि उन्हाळी ह्यांचा चार दिवसांचा जमाखर्च त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसला.

"आणि एरंडेल?" त्या हळूच म्हणाल्या.

"त्याचा काही उपयोग नव्हता गं."

मामानं खाकरून नारळाकडे पाहिलं. मग द्रौपदीबाई बोलल्या.

"करावंच तपासून. हिच्या पहिल्या वेळी मी पोराचा पगार विचारला, घर विचारलं. ह्यातलं एक अक्षर विचारलं नाही. लाज वाटली." त्यांनी पदर सारखा केला. "तीन महिने काही जास्त नाहीत."

"तां खरां," मामा घाईघाईनं म्हणाला. "पत्रिका बघण्यापरीस ह्या बरा." आणि कुठल्या हॉलचं जेवण चांगलं ह्या विषयावर तो इतक्या तातडीनं घसरला, की जानकीबाईंनाही नाइलाजानं मागोमाग जावं लागलं.

संघमित्रा ट्रे घेऊन आत गेली. देवदत्त स्वतःचा कप घेऊन तिच्या मागे स्वयंपाकघरात गेला.

"काल गेलीस?"

"गेले. गोळ्या घेतल्या. पहिला रिपोर्ट ठीक आहे." ती नळ सोडत म्हणाली. "तुझा?"

"ठीक."

"मी अजून हो म्हटलेलं नाही, देवदत्त. ते बाहेर हॉल ठरवतायत ना, ते त्यांचं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"माहितीय."

"आधी मला दोषी धरलंस, ते मी विसरणार नाही इतक्यात."

"हो."

ती नळापासून बाजूला सरकली. "कप विसळ."

त्यानं पाच कप विसळले. ती पुसायला उभी राहिली. चार कप तिनं पुसून फळीवर ठेवले, पाचवा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि त्याच्या हातात परत दिला. देवदत्तनं तो पुन्हा घासायला घेतला.